न उघडलेले लॉट

घराला कुलूप लावलं की मी ते ओढून बघते. जिना उतरते, फाटकापर्यंत जाते, आणि परत वर येऊन पुन्हा ओढते. नवरा तोवर खाली गाडी सुरू ठेवून हॉर्न वाजवत असतो. "कोण येऊन राहिलं तुझे डबे चोरायले?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. म्हणू दे. याच स्वभावाचा मला पगार मिळतो. नागपुरात सदरमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी टेस्टर आहे. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्राम चुकलेलाच आहे असं धरून चालायचं आणि कुठं चुकला ते शोधायचं, एवढंच माझं काम. माणसांनाही मी तसंच तपासते, आणि त्याचे पैसे मात्र कोणी देत नाही.

तर आमच्याकडे शहराबाहेरच्या बुटीबोरीतल्या एका कारखान्याचं काम आलं. तिथं कापड रंगवतात. एका वेळी एका मशीनमधून रंगून निघालेल्या कापडाला ते लॉट म्हणतात. प्रत्येक लॉटचा एक तुकडा लॅबमध्ये जातो. तिथं दिव्यांच्या पेटीत तो मंजूर नमुन्याशेजारी ठेवून रंगाची छटा, त्यांच्या भाषेत शेड, जुळते का ते बघतात. त्या मंजूर नमुन्याला म्हणायचं मास्टर. जुळला तर लॉट पास, मग छापील प्रमाणपत्र निघतं आणि माल गेटबाहेर पडतो. हे सगळं संगणकावर आणून द्यायचं होतं.

लॅबची इन्चार्ज माझ्याच वयाची एक बाई होती. उमरेडच्या विणकर घरातली. बापानं माग विकला त्याच वर्षी तिनं कापड रसायनाचा डिप्लोमा केला, आणि तेव्हापासून ती बुटीबोरीत होती. आवाज खणखणीत, हसणं त्याहून मोठं. लॅबचं कपाट सताड उघडं, डबा उघडा, संगणक दिवसभर तिच्याच नावानं सुरू, आणि पासवर्ड कागदावर लिहून स्क्रीनलाच चिकटवलेला. तो कागद पाहून माझं रक्तच आटलं. मी म्हटलं, "ताई, हे काढा. कोणीही येऊन तुमच्या नावानं काहीही करेल."

"अवं मॅडम, कोण कायले करते?" ती हसली. "मी पास केलेल्या लॉटले हात लावाची हिंमत आहे का कोणाची इथं?"

मला तेव्हा तिचा रागच आला. इतकं निवांत कोणी असतं का, असं वाटलं. खरं सांगायचं तर इतक्या निवांत माणसावर माझा विश्वासच बसत नाही.

आमच्याकडे तेव्हा एक नवा आर्किटेक्ट आला होता. नागपूरचाच पोरगा, पण बंगलोरला राहून नवे विचार घेऊन आलेला. धंद्यातली माणसं ज्या भाषेत बोलतात त्याच भाषेत प्रोग्राम लिहायचा, हा त्याचा मंत्र. त्याला डोमेन-ड्रिव्हन डिझाइन म्हणतात. कारखान्यात लॉट म्हणतात ना, मग प्रोग्राममध्येही लॉट नावाची वस्तू हवी, आणि लॉटचे सगळे नियम त्या लॉटच्याच पोटात हवेत. "ताई, आपला लॉट मुका नाही," तो मला समजावायचा. "त्याचे नियम त्यालाच ठाऊक आहेत. कुणी आठवण करून द्यायची गरज नाही." मला आपल्या मुक्या वस्तू बऱ्या वाटतात. पण तो तिच्यासमोर बसून तिचं बोलणं कान देऊन ऐकायचा, हे मात्र मला मानावंच लागलं. आमच्या धंद्यात एवढं ऐकणारा माणूस विरळा.

तिनं सांगितलेले दोन नियम मला आजही तिच्याच आवाजात आठवतात. एक म्हणजे, "मास्टर जुना झाला, रंग उतरला, तं पासचा काही भरवसा नाही. लॉट पुन्हा तपासाच लागते." दुसरा, "शेडचा निर्णय लॅबचा. तिथं दुसऱ्या कोणाचं नाव नाही चालत. माझंच नाव पाहिजे." पोरानं दोन्ही नियम जसेच्या तसे लॉटच्या पोटात घातले. लॉट जागा झाला, म्हणजे प्रोग्रामनं तो हातात घेतला, की आधी आपला मास्टर जुना झाला का ते बघायचा. झाला असेल तर स्वतःच 'पास' खोडून 'फेरतपासणी' व्हायचा, आणि निर्णय घेणाऱ्याच्या जागी इन्चार्जबाईंचं नाव लिहायचा. वाचायला इतकं सुंदर होतं ते, की आमच्या सरांनी, म्हणजे मालकांनी, सगळ्यांना बोलावून दाखवलं.

त्याच्या जोडीला त्यानं घेतलं होतं ओआरएम. नाव अवघड आहे, काम सोपं. प्रोग्राममधल्या वस्तू एकीकडे आणि डेटाबेसमधले तक्ते दुसरीकडे, त्या दोघांमध्ये ने-आण करणारं हे तयार अवजार. तक्त्यातली ओळ उचलून तिची वस्तू करून देतं, आणि वस्तूत काही बदललं की परत तक्त्यात लिहून टाकतं.

"लिहून टाकतं म्हणजे?" मी विचारलं. "मी सांगितलं नाही तरी?"

"हो ना ताई, तीच तर गंमत आहे! सेव्ह लिहावंच लागत नाही."

माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली. आमच्याकडे एक आत्या येते. आली की न विचारता स्वयंपाकघरात शिरते, सगळे डबे पुसून आपल्या मनानं लावून ठेवते. तिच्या हेतूबद्दल कोणाला शंका नाही, पण ती गेल्यावर आठवडाभर हळद सापडत नाही. मी पोराला म्हटलं, "तुझं हे अवजार आमच्या आत्यासारखं आहे." तो हसला. मी सगळं डोळ्यात तेल घालून तपासलं, आणि सगळं बरोबर आलं. सॉफ्टवेअर नवं होतं, त्यात भरलेले मास्टरही नवेकोरे होते. जुना मास्टर अजून कोणी पाहिलाच नव्हता.

बरेच महिने सुरळीत गेले. मग एका कापड घेणाऱ्याची तक्रार आली, माल फिका निघाला म्हणून. कारखान्याचे मॅनेजर साहेब आपल्या केबिनमध्ये बसले आणि त्या गिऱ्हाइकाचे जुने लॉट स्क्रीनवर एकेक करून उघडायला लागले. शेजारी छापील प्रमाणपत्रांची फाइल. कागदावर 'पास', स्क्रीनवर 'फेरतपासणी'. बदल करणारी व्यक्ती म्हणून इन्चार्जबाईंचं नाव. आणि बदलाची वेळ त्याच दुपारची!

साहेबांनी लगेच ताळा जुळवला. तक्रार येताच बाईनं गुपचूप जुने निकाल फिरवायला घेतले. उद्या म्हणेल, मी तर फेरतपासणी सांगितली होती, तुम्हीच माल पाठवला. त्यांनी तिला बोलावलं, स्क्रीन दाखवली. ती म्हणाली, "मी नाही केलं." पासवर्डचा तो चिकटवलेला कागद साहेबांनी तिच्यासमोर धरला आणि विचारलं, "मग कोणी केलं ते सांगा." ती कोणाचं नाव घेणार? तिचा तर सगळ्यांवर विश्वास! चौकशी होईपर्यंत घरी बसा, असं सांगून तिला पाठवून दिलं.

बुटीबोरीत लॅबवाल्यांचं जग लहान आहे. रेकॉर्ड फिरवल्याचा शिक्का एकदा बसला की दुसऱ्या कारखान्याच्या गेटवरही उभं करत नाहीत. नोकरी गेली असती तर ती या एका कारखान्यातून नव्हे, त्या अख्ख्या औद्योगिक वसाहतीतून गेली असती. आणि तिचं घर तिच्याच पगारावर चालत होतं.

गंमत पुढेच आहे. तिचं लॉगिन बंद केलं, तरी लॉट बदलत राहिले. साहेब रोज आणखी काही उघडायचे, तर तेही 'फेरतपासणी', त्याच दिवसाची वेळ, तिचंच नाव. मग साहेबांचा संशय आमच्याकडे वळला. बाई घरी बसून हे कोणाकडून तरी करवून घेते आहे, आणि डेटाबेसपर्यंत हात कोणाचा पोचतो? सॉफ्टवेअरवाल्यांचा! त्यांनी आमच्या सरांना फोनवर नको नको ते ऐकवलं. सरांनी मला आत बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, "कुठंतरी पाणी मुरतंय. तुम्ही शोधा, पण बोभाटा करू नका."

मला काय, आयतंच रान मोकळं मिळालं. आधी मला आर्किटेक्टचाच संशय आला. इन्चार्जबाई त्याला डब्यातली भाजी बळेबळे वाढायची, "खाय गा बाबू, वाळून राहिला नुसता," असं म्हणायची. तो पाघळला असेल. मग वाटलं, लॅबमधलंच कोणी असेल. मग वाटलं, साहेबच तिला काढायला हे करत असतील, आपल्या माणसाला आणायचं असेल तिच्या जागी. मी लॉटमागून लॉट उघडत गेले. प्रत्येक बदललेला! माझं सगळं लक्ष नावावर, वेळ किती वाजताची ते मी पाहिलंच नाही. आदल्या दिवशी मी ज्यांच्याकडे पाहिलंही नव्हतं तेसुद्धा. जितकं बघावं तितकं वाढत होतं. अरे बाप्पा, ही बाई करते तरी कधी एवढं, असं मी चक्क मोठ्यानं म्हटलं. तोवर माझ्या मनात तिनंच केलं हे पक्कं होत चाललं होतं.

आणि अशात ती स्वतःच आली. ऐन दुपारी, बसनं, पदर डोक्यावरून घेऊन, आमच्या ऑफिसचा जिना चढून. रिसेप्शनवर तिचा आवाज ऐकला आणि माझ्या डोक्यात सापळा तयार झाला. तिला आत बोलवायच्या आधी मी एक जुना लॉट शोधला, तक्रारीशी ज्याचा काही संबंध नाही, ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. तो स्क्रीनवर उघडला नाही. सॉफ्टवेअरला बाजूला ठेवून डेटाबेसच्या तक्त्यातली ओळच थेट वाचली. 'पास.' बेत असा की हा लॉट तिच्या कानावर घालायचा, याच्यावरही शंका आहे म्हणायचं, आणि घरी जाऊ द्यायचं. तिचा कोणी साथीदार असेल तर तो संध्याकाळपर्यंत याला हात लावणारच. मग दोघंही सापडतात.

तिला माझ्यासमोर बसवलं. "ऑफिसचा नियम आहे," असं खोटंच सांगून तिचा मोबाइल माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. तिनं मुकाट्यानं दिला. चहा आला. तिनं कप दोन्ही हातांनी धरला. आवाज पार बसला होता तिचा.

"मॅडम, तुमी तं कंप्युटरवाल्या आहात," ती म्हणाली. "तुमाले तरी दिसत असन कोण करून राहिलं ते. मी सासूले बी तोंड दाखवत नाही आता. ते म्हणते, केलं असन तं कबूल कर. घरातलेच असं म्हणतात तं मी कोणाले सांगू?"

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून सापळा काढून घेणारी मी नव्हे. "हा एक लॉट आहे," मी म्हटलं आणि त्याचा नंबर टाकून स्क्रीन तिच्याकडे वळवली. "याच्यावरही साहेबांना..."

वाक्य पुढं गेलंच नाही. स्क्रीनवर 'फेरतपासणी' होतं. बदल करणारी म्हणून तिचं नाव. वेळ, आत्ताची. भिंतीवरच्या घड्याळात होती तीच.

मी आधी तिच्या हातांकडे पाहिलं. ते कपाभोवती होते. तीही स्क्रीन वाचत होती, आपलं नाव वाचत होती.

"अवं माय!" ती ओरडली. "मी तं इथं बसून चहा पिऊन राहिली ना! तुमच्यासमोर बसून राहिली ना मी!"

बाहेरचे लोक माना वर करून बघायला लागले. ती मात्र रडली नाही. तिनं कप बाजूला सारला, दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले आणि म्हणाली, "पुन्हा करा. माझ्यासमोर करा."

मी दुसरा न उघडलेला लॉट घेतला. तक्त्यात थेट पाहिलं, 'पास', तिलाही दाखवलं. मग तोच स्क्रीनवर उघडला. 'फेरतपासणी', तिचं नाव, आत्ताची वेळ. परत तक्त्यात पाहिलं, तिथंही आता 'पास' उरलेलं नव्हतं. आम्ही दोघींनी मिळून आणखी एक बिघडवला. उघडायचा अवकाश, की लॉट बदलायचा. साहेबांनी संशयानं उघडलेले, मी संशयानं उघडलेले, तेवढेच बदलले होते. ज्यांच्यावर कोणाला संशय आला नाही ते सगळे जागच्या जागी 'पास' होते.

आर्किटेक्टला हाक मारली. तो आला, त्यानं पाहिलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "पण मी सेव्ह म्हटलंच नाही," तो पुटपुटला. नव्हतंच म्हटलं त्यानं. लॉट वाचायला म्हणून जागा झाला, मास्टर जुना दिसला, नियमाप्रमाणे त्यानं स्वतःला 'फेरतपासणी' केलं आणि शेडचा निर्णय लॅबचा म्हणून तिचं नाव घातलं. ओआरएमनं पाहिलं की वस्तू बदलली, आणि बदललेलं लिहून ठेवायचं हे तर त्याचं कामच. आमच्या आत्यानं डबे लावून टाकले! पोरानं धरलं होतं की सांगितल्याशिवाय काही जतन होणार नाही. अवजारानं धरलं होतं की बदललं म्हणजे जतन करायचंच असणार. दोघांचाही एकमेकांवर केवढा विश्वास.

"पण जो माल निघून गेला त्याचा मास्टर कायले पाहता?" इन्चार्जबाईंनी विचारलं. "मी गोडाऊनमधल्या लॉटचं सांगितलं होतं. गेलेलं कापड कोणी तपासते का?"

आर्किटेक्ट म्हणाला, "तुम्ही गोडाऊन म्हटलं नव्हतं, ताई."

"सांगाची गोष्ट आहे का ते?" ती म्हणाली. रंगखात्यात ती कोणी कोणाला सांगत नाही, हे खरं. आणि सदरमध्ये बसून ती कोणाला सुचत नाही, हेही खरं. पोरगा मान खाली घालून उभा राहिला. तिनंच त्याला म्हटलं, "बस गा, घाबरू नको." मी ड्रॉवर उघडून तिचा मोबाइल तिच्यापुढं ठेवला.

दुसऱ्या दिवशी सर, मी आणि ती असे बुटीबोरीला गेलो. साहेबांचा आधी विश्वास बसेना. "कंप्युटर आपल्या मनानं नाव लिहितो? कोणाला शिकवता?" मी त्यांनाच त्यांच्या खुर्चीत बसवून एक न उघडलेला लॉट उघडायला लावला. त्यांनी वेळ वाचली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे हे मीच करत होतो?" तक्रारीचं मूळही नंतर वेगळंच निघालं. त्या दुकानदारानं ते कापड काचेमागं उन्हात टांगून ठेवलं होतं. माफी मात्र साहेबांच्या तोंडून निघाली नाही. "होतं असं कधीकधी, लागा कामाला," एवढंच म्हणाले.

पोरानं दुरुस्ती केली. नुसतं बघायला उघडलेल्या लॉटमधलं काहीही तक्त्यात लिहायचं नाही, हे त्या अवजाराला बजावून सांगितलं. नियम फक्त गोडाऊनमधल्या मालापुरता केला. इन्चार्जबाईंचं नाव त्या स्वतः निर्णय देतील तेव्हाच लागेल, असं केलं. बिघडलेले लॉट छापील प्रमाणपत्रं बघून परत 'पास' केले. मी ते सगळं तपासलं, मला जसं तपासता येतं तसं, आणि नवीन सॉफ्टवेअर घेऊन तिच्या लॅबमध्ये गेले.

कपाटाला कुलूप होतं. स्क्रीनवरचा कागद निघाला होता, डिंकाचा डाग तेवढा राहिला होता. ती उठून उभी राहिली, हसली, पण ते आधीचं हसणं नव्हतं. मी एक जुना लॉट उघडून दाखवला. 'पास.' बंद केला, उघडला. 'पास.'

"झालं ना ताई?" मी म्हटलं. "आता कितीही वेळा उघडा."

तिनं माऊस स्वतःच्या हातात घेतला. आणखी एक लॉट उघडला, आपलं नाव वाचलं, वेळ वाचली, बंद केला. मग तोच पुन्हा उघडला. मी उभीच होते. माझ्याशी बोलता बोलता ती तिसऱ्यांदा उघडायला लागली, आणि मला आमच्या जिन्यात उभी असलेली मी दिसले, कुलूप ओढणारी. कोणाला लागू नये असा हा रोग, आणि तो लागावा तर या बाईला!

कोण कोणता लॉट कधी उघडतं याची नोंद ठेवायची सोय आम्ही त्या दुरुस्तीतच घातली. माझ्याच आग्रहावरून. ती नोंद मी अधूनमधून बघते. रोज सकाळी कामावर आली की ती कालचे लॉट उघडते, बंद करते आणि सगळे पुन्हा उघडते. इतके महिने झाले, एक दिवस चुकत नाही. परवा न राहवून मी फोन केला. म्हटलं, "ताई, खरंच आता ते बदलत नाही हो. मी स्वतः तपासलं आहे."

"मालूम आहे मले," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "तुमाले कसं कळलं, मी उघडते म्हणून?"

ती नोंद माझ्यासमोर स्क्रीनवर उघडीच होती. ती वाट बघत राहिली, आणि मग तिनंच फोन ठेवला.